स्प्रिंट आहे, स्टँडअप आहे, बोर्ड आहे. मग काम संपत का नाही?

साकीविहार

ऐरोलीपासून गोरेगावपर्यंत कुठल्याही आयटी ऑफिसात जा, टीमचा बोर्ड, म्हणजे कामं रकान्यांत मांडलेला फळा, दिसतो आणि त्यातला 'इन प्रोग्रेस'चा रकाना तुडुंब भरलेला असतो. दर पंधरा दिवसांनी नवा स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा, सुरू होतो आणि मागच्या स्प्रिंटची उरलेली कामं त्यात ढकलली जातात. नुकत्याच टीम लीड झालेल्या मंडळींशी बोलताना सारखं जाणवतं, की त्यांना मीटिंगांची नावं शिकवली जातात, पण त्याखालचं प्रकल्प व्यवस्थापन कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे बिनधास्त सांगावं.

आधी प्रकल्प कशाला म्हणायचं ते पाहू. ज्याला सुरुवात आणि शेवट आहे आणि जे आधी अगदी तसंच कधी झालेलं नाही, ते काम म्हणजे प्रकल्प. व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत आपल्या डबेवाल्यांचं उदाहरण हटकून येतं. त्यांच्या अचूकपणाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ती रोज चालणारी सेवा आहे, प्रकल्प नाही. तिथे तेच काम रोज बिनचूक व्हायला हवं असतं. प्रकल्पात निम्मी माहिती काम सुरू झाल्यावरच हाती येते. त्यामुळे पहिल्या दिवशीचा प्लॅन हा अंदाज असतो, आणि अंदाज सुधारत राहणं हेच व्यवस्थापकाचं मुख्य काम.

काम किती, वेळ किती, पैसा किती, या तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. तिन्ही आधीच पक्क्या करून ठेवल्या, तर ताण चौथीवर येतो, म्हणजे दर्जावर. तो लगेच दिसत नाही, म्हणून तिथेच कात्री लागते.

टप्प्याटप्प्याने खाली उतरणारी वॉटरफॉल पद्धत विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधाशी जोडली जाते. त्यांनी ती आकृती काढली हे खरं, पण त्याच निबंधात असंही लिहिलं की हे असं राबवणं धोक्याचं आहे, कारण चाचणी अगदी शेवटी येते आणि तिथे काही मोठं बिघडलेलं सापडलं तर मागे जाऊन सगळं पुन्हा करावं लागतं. आकृती जगभर पोचली, इशारा मागे राहिला.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाईलचा, म्हणजे थोडं थोडं काम हाती देत बदल सामावून घेण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं, बारा तत्त्वं. त्यात चालणाऱ्या सॉफ्टवेअरला सविस्तर कागदपत्रांपेक्षा जास्त महत्त्व दिलंय, पण कागदपत्रांनाही किंमत आहे हे तिथेच स्पष्ट लिहिलंय. 'आम्ही अजाईल आहोत, लिहून काही ठेवत नाही' म्हणणाऱ्यांनी ते शेवटचं वाक्य एकदा वाचावं.

छोट्या टीमने स्प्रिंटमध्ये काम करायची अजाईल पद्धत म्हणजे स्क्रम. तिची कल्पना जाहीरनाम्याच्या आधीची. ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये नव्या वस्तू घडवणाऱ्या टीमांबद्दल लिहिलं, आणि १९९५ मध्ये केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी सॉफ्टवेअरसाठी स्क्रमची मांडणी केली. आज जी स्क्रम गाइड प्रमाण मानतात ती २०२० ची आहे. टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी माणसांची. स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याचा. काय करायचं आणि कोणतं आधी हे प्रॉडक्ट ओनर ठरवतो, कसं आणि किती ते काम करणारे ठरवतात, आणि स्क्रम मास्टर ही घडी नीट बसवतो. प्रत्येक स्प्रिंटला एक उद्दिष्ट आणि 'पूर्ण' कशाला म्हणायचं याची लिखित व्याख्या. माझ्या मते सगळा जीव या शेवटच्या दोन गोष्टींत आहे, आणि मुंबईत पाहिलेल्या बहुतेक टीमांत नेमक्या याच दोन गायब असतात.

कानबान या दुसऱ्या पद्धतीचं मूळ टोयोटाच्या कारखान्यात, ताइइची ओनो यांच्या कामात. डेव्हिड अँडरसन यांनी ते सॉफ्टवेअरच्या कामात आणलं. त्यात स्प्रिंट लागत नाही. बोर्डवरच्या प्रत्येक रकान्यात एका वेळी किती कामं चालतील याला मर्यादा घालायची, एवढाच कडक नियम. तो का चालतो याचं उत्तर जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या सूत्रात आहे. चालू कामांची संख्या भागिले आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारा वेळ. बोर्डवर २४ कामं चालू आहेत आणि आठवड्याला ६ संपतात, तर एका कामाला सरासरी चार आठवडे. चालू कामं १२ वर आणली आणि संपण्याचा वेग तोच राहिला, तर दोन आठवडे. एकही नवा माणूस न घेता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पद्धत कोणतीही घ्या, आधी हातातली कामं कमी करा आणि 'पूर्ण'ची व्याख्या लिहा. बाकी सगळं त्यानंतर.

स्थापत्य

चांगला धागा. मी सिव्हिलवाला, पूल आणि मेट्रोची कामं केली आहेत, त्यामुळे थोडं विरुद्ध बाजूने लिहितो.

आमच्याकडे पाइल, म्हणजे पायाचा जमिनीत खोल जाणारा खांब, भरली की भरली. पुढच्या स्प्रिंटमध्ये तिची जागा बदलता येत नाही. त्यामुळे आधी सगळं ठरवणं या पद्धतीला सरसकट नावं ठेवू नयेत. बदल जिथे महाग आहे तिथे कागदावर जास्त वेळ घालवणं हाच शहाणपणा.

आमचं मुख्य हत्यार क्रिटिकल पाथ. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत हे तंत्र तयार झालं, त्याच सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट हे तसंच वेळापत्रकाचं तंत्र. कल्पना सोपी आहे. कुठलं काम कशावर अवलंबून आहे हे मांडायचं आणि सगळ्यात लांब साखळी शोधायची. त्या साखळीतलं काम एक दिवस लांबलं की प्रकल्प एक दिवस लांबतो. बाकीच्या कामांना थोडी सवड असते, तिला आम्ही फ्लोट म्हणतो.

मुंबईतलं उदाहरण देतो. रेल्वेवरच्या पुलाचा गर्डर, म्हणजे आडवी तुळई, टाकायचा तर रात्रीचा ब्लॉक लागतो, म्हणजे तेवढा वेळ गाड्या बंद. तो मिळेल तेव्हाच क्रेन उभी करायची. ब्लॉक हुकला तर पुढचा कधी ते रेल्वे सांगणार. त्यामुळे अशा पुलावर जोडरस्त्याचं डांबर आठवडाभर उशिरा पडलं तरी चालतं, पण गर्डरची जुळणी एक दिवस मागे पडली तर कधीकधी महिना जातो. त्यात पाऊस. मे संपायच्या आत खोदकाम सुरक्षित टप्प्याला आणावंच लागतं. आयटीतल्या किती लीडना आपल्या प्रकल्पातला असा 'ब्लॉक' कोणता आहे हे सांगता येईल? प्रत्येक प्रकल्पात तो असतो.

साकीविहार

स्थापत्य, पूर्ण सहमत. बदलाची किंमत किती यावर पद्धत ठरायला हवी. फक्त एक जोडते. बांधणी आधी ठरवलेली असली तरी लोकांच्या हाती देणं तुकड्यांत होऊ शकतं. मेट्रो ३ एकदम पूर्ण उघडली नाही. आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ मध्ये, तिथून आचार्य अत्रे चौकापर्यंत मे २०२५ मध्ये, आणि कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये. पहिल्या तुकड्यावर माणसं प्रवास करू लागली की फाटकं, पाट्या, बाहेर पडल्यावरची रिक्षाची सोय, सगळ्याबद्दल खरी माहिती मिळते. ती पुढच्या स्टेशनांच्या वेळी वापरता येते.

स्थापत्य

हे मान्य. आणि तुकडे करताना सांधे सांभाळावे लागतात, हेही लिहून ठेवा. अंधेरीचा गोखले पूल फेब्रुवारी २०२४ मध्ये एका बाजूने उघडला तेव्हा तो आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या पातळीत फरक होता. नंतर बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून उचलून जुळवला आणि जुलैत तो जोड सुरू झाला. दोन्ही बाजू आपापल्या जागी उभ्या असल्या तरी त्या जुळल्याशिवाय गाडी पलीकडे जात नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोन टीमांच्या मधला भाग कोणाचा, हा प्रश्न मला तसाच वाटतो.

चर्चगेट स्लो

मी बँकेच्या आयटीत आहे. आमच्याकडचं खरं दुखणं पद्धतीचं नाही, कराराचं आहे. व्हेंडरला ठरलेली रक्कम, ठरलेली तारीख, दोनशे पानी रिक्वायरमेंट, आणि वर 'अजाईलने करा' असं कलम. हे जमणार कसं? काम, वेळ, पैसा, तिन्ही कोपरे खिळे ठोकून पक्के केलेत.

एका प्रकल्पात आम्ही वेगळं करून पाहिलं आणि ते चाललं, म्हणून लिहितो. तारीख आणि रक्कम तशीच ठेवली. कामाची यादी मात्र उतरत्या महत्त्वाने लावली आणि तिच्यावर एक रेघ मारली. रेघेच्या वरचं द्यायचंच, खालचं वेळ उरला तर. नवं काही आलं तर ते वर घालता येईल, पण तेवढ्याच आकाराचं एक काम रेघेखाली जाईल. हे लिगल विभागाला पटवायला वेळ गेला, पण करारात आलं. त्यानंतर प्रत्येक मीटिंगमधली 'एवढं छोटंसंच तर आहे' ही मागणी आपोआप तोलून मापून येऊ लागली, कारण मागणाऱ्यालाच सांगावं लागायचं की बदल्यात काय काढू.

'पूर्ण'च्या व्याख्येबद्दल. बँकेत कोड लिहून झाला, टेस्टरने पाहिला, एवढ्याने काही होत नाही. सिक्युरिटी टेस्टिंग दुसऱ्या विभागाकडे, यूएटी, म्हणजे वापरणाऱ्यांनी करायची चाचणी, शाखेतल्या माणसांकडे, आणि मार्चअखेर किंवा तिमाहीअखेर आली की प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष चालू सिस्टिममध्ये, काही टाकायला बंदी. टीमचं 'पूर्ण' आणि बँकेचं 'पूर्ण' यांत महिना-दीड महिना पडतो. आम्ही सिक्युरिटीचा माणूस शेवटी बोलवायचं बंद केलं आणि त्याला दर आठवड्याला थोडं थोडं तपासायला दिलं. तोही खूश, कारण त्याच्यावर शेवटी एकदम ढिगारा येत नाही.

प्रूफवाली

मी आयटीतली नाही, पण हे वाचून लिहावंसं वाटलं. मी बरीच वर्षं दिवाळी अंकाचं काम बघते, संपादनापासून छपाईपर्यंत. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून या कामाला एक गोष्ट चिकटलेली आहे, ती म्हणजे तारीख हलत नाही. दिवाळी झाल्यावर दिवाळी अंक कोण घेणार?

त्यामुळे आमच्याकडे वेळ पक्का, पैसा जाहिरातींवर, आणि मजकूर कमीजास्त. मोठ्या लेखकाचा लेख येईल म्हणून पानं राखून ठेवली आणि लेख आला नाही, तर त्या जागी लावायला दोन चांगल्या कथा आधीच शोधून, टाइप करून, तपासून ठेवलेल्या असतात. चर्चगेट स्लो यांची रेघ वाचताना मला तेच आठवलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फॉर्म. छपाई सोळा-सोळा पानांच्या फॉर्मने होते. नव्या माणसाला वाटतं की सगळे लेख आले, मग सगळे टाइप झाले, मग सगळ्यांची प्रुफं, मग सगळं छापायला. तसं केलं तर शेवटच्या आठवड्यात प्रेसमध्ये रात्री काढाव्या लागतात आणि चुका तशाच छापून जातात. आम्ही उलट करतो. सोळा पानं पूर्ण तयार झाली, चित्रं बसली, दोनदा प्रूफ वाचून झालं, की तो फॉर्म छापायला सोडायचा. बाकीचे लेख अजून आलेही नसतील. पहिला फॉर्म हातात आला की शाई फिकी आहे का, कागदाच्या मागे दिसतंय का, टाइप बारीक झालाय का, हे कळतं आणि पुढच्या फॉर्मना सुधारता येतं. हे स्प्रिंटच ना?

यात एक अट मात्र पाळावी लागते. छापलेल्या फॉर्ममधलं एक अक्षरही नंतर बदलता येत नाही. म्हणून तो सोडण्याआधी सही कोणाची, हे ठरलेलं असतं. एकाच माणसाची. तिघांनी 'मी पाहिलंय' म्हटलं की कोणीच नीट पाहिलेलं नसतं.

साकीविहार

प्रूफवाली, तुमचा प्रतिसाद मी टीमला वाचून दाखवणार आहे. सही एकाच माणसाची, हेच प्रॉडक्ट ओनरबद्दल स्क्रम गाइडही सांगते: ती एक व्यक्ती असते, समिती नव्हे.

नवा लीड

वाचतोय, खूप उपयोगी आहे. माझे तीन प्रश्न. आमचा स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी मीटिंग, पाऊण तास चालतो, सगळे मॅनेजरना रिपोर्ट देतात. दुसरं, मॅनेजर दोन टीमांचे स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी गुण) शेजारी ठेवून विचारतात की त्यांचे ६० आणि तुमचे ३५ का. तिसरं, रिलीज लांबतंय म्हणून पुढच्या आठवड्यात चार नवीन माणसं देतायत.

साकीविहार

एकेक करून लिहिते.

स्टँडअप: स्क्रम गाइडप्रमाणे ती १५ मिनिटांची भेट काम करणाऱ्यांची आपसातली आहे. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न २०२० च्या आवृत्तीत काढून टाकले आहेत, तेव्हा ते म्हणायलाच हवेत असं नाही. माणसामागून माणूस जाण्याऐवजी बोर्ड उजवीकडून वाचा. जे काम संपायला सगळ्यात जवळ आहे ते आधी, आणि प्रश्न एकच, हे आज संपवायला कोणाची मदत लागेल. मॅनेजरना हवी असलेली माहिती रोज सकाळी तुम्ही चार ओळींत लिहून पाठवा. त्यांना रिपोर्ट मिळाला की मीटिंगमध्ये रिपोर्ट मागायचं कारण उरत नाही. बहुतेकांना खरोखर फक्त काळजी असते की ग्राहकाने विचारलं तर काय सांगू.

पॉइंट: हे स्क्रमचा भाग नाहीतच, गाइडमध्ये शब्दही नाही. एक्सपी (एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग) पद्धतीच्या मंडळींकडून ते आले. एका टीमने आपल्याच कामांची आपसात तुलना करायला ते ठीक आहेत. दोन टीमांची तुलना केली की पुढच्या महिन्यात सगळ्यांचेच पॉइंट वाढतात आणि काम तेवढंच राहतं. मॅनेजरना त्याऐवजी दुसरे दोन आकडे द्या: काम हाती घेतल्यापासून ग्राहकाला मिळेपर्यंत किती दिवस लागतात, आणि आठवड्याला किती कामं खरोखर बाहेर जातात.

माणसांबद्दल कोणीतरी सविस्तर लिहा.

चर्चगेट स्लो

मी लिहितो. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अनुभवावरून १९७५ मध्ये मांडलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं घातली की उशीर वाढतो. कारण नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो, आणि बोलण्याचे धागे वाढतात. पाच माणसांत १० जोड्या होतात, नऊ माणसांत ३६. नवा लीड, तुमच्याकडे पाच असतील आणि चार येणार असतील तर नेमकं हेच होणार.

माणसं येतीलच, नाही म्हणता येणार नाही, तर त्यांना अशी कामं द्या जी जुन्यांना विचारल्याशिवाय होतील. टेस्ट डेटा तयार करणं, यूएटीला बसलेल्या शाखेतल्या लोकांना मदत, रिलीजच्या नोंदी. मूळ कोडला या रिलीजपुरता हात नको. आणि माणसं देण्याची बोलणी होतील त्याच मीटिंगमध्ये यादीवर रेघ मारून मागा.

कळवा लोकल

मला सर्टिफिकेटबद्दल विचारायचं होतं. पीएमपी करावं की स्क्रमचं?

चर्चगेट स्लो

पीएमपी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापकाचं प्रमाणपत्र, पीएमआय ही संस्था देते. ती संस्था १९६९ पासूनची आहे आणि तिचा मुंबई चॅप्टरही आहे. पदवीधराला प्रकल्प चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. परीक्षेत आता अजाईलही भरपूर असतं. स्क्रमची प्रमाणपत्रं सुरुवातीच्या अनुभवावरही मिळतात. नोकरी बदलताना दोन्हींनी दार उघडतं. पण स्क्रम गाइड फुकट आहे आणि पानं थोडीच आहेत. पैसे भरण्याआधी ती वाचा.

स्थापत्य

एक प्रश्न साकीविहार यांना. चालू कामांवरच्या मर्यादेचा मुद्दा पटला, आमच्या डिझाइन ऑफिसमध्ये करून बघतोय. पण आमची निम्मी ड्रॉइंग्ज परवानगीसाठी बाहेर पडलेली असतात. रेल्वे, महापालिका, वाहतूक पोलीस. ती आमच्या हातात नसतात. ती मर्यादेत मोजायची का? मोजली तर माणसं रिकामी बसतील.

साकीविहार

मोजायची. मर्यादेबाहेर 'वेटिंग'चा मोकळा रकाना केला की अडकलेलं सगळं तिथे जातं आणि कोणी बघत नाही. त्या रकान्यालाही मर्यादा घाला, तुमच्या परवानग्यांचा नेहमीचा वेळ बघून ती थोडी मोठी ठेवा, आणि प्रत्येक ड्रॉइंगवर ते बाहेर गेल्याची तारीख लिहा. रकाना भरला की नवं ड्रॉइंग सुरू करायचं नाही. ज्याचा हात रिकामा झाला त्याने सगळ्यात जुन्या तारखेचं ड्रॉइंग घ्यायचं आणि ते कुठल्या टेबलावर थांबलंय हे शोधायचं. शंका असेल तर जाऊन भेटायचं, जादा माहिती लागत असेल तर ती द्यायची. काही आठवड्यांनी तारखांवरून दिसेल की सगळ्यात जास्त वेळ कुठल्या खात्यात जातो. तिथे पुढच्या वेळी ड्रॉइंग पूर्ण व्हायच्या आधीच कच्चा आराखडा घेऊन जाता येईल.

स्थापत्य

तारखा लिहायला सोमवारपासून सुरुवात करतो. ब्लॉकशी बांधलेल्या ड्रॉइंग्जना वेगळा रंग देतो, म्हणजे फ्लोट नसलेलं काम बोर्डवर लगेच दिसेल. महिन्याभराने इथेच आकडे टाकतो.